नायट्रो आधी, बल्लाळेश्वर नंतर: इमॅजिका आणि खोपोली–पाली परिसराचा दोन दिवसांचा बेत

इमॅजिकाला जायचं ठरलं की बहुतेक घरांत एकच बेत शिजतो. पहाटे निघायचं, दिवसभर उद्यान पिंजून काढायचं आणि रात्री पेंगुळलेली पोरं मागच्या सीटवर आडवी करून घर गाठायचं. यात दोन गोष्टी हातच्या जातात. एक म्हणजे नायट्रो हा रोलर कोस्टर, ज्याच्यासाठी निम्मी मंडळी आलेली असतात. तो भरल्या पोटी, भर उन्हात, तासभर रांगेत उभं राहून उरकला जातो. दुसरी म्हणजे उद्यानासमोरून जाणारा खोपोली–पाली रस्ता. अष्टविनायकांपैकी एक या रस्त्याच्या टोकाला, दुसरा खोपोलीच्या वेशीवर आणि मधे शिवकाळातली एक नामांकित रणभूमी. तेव्हा माझा सल्ला सरळ आहे: एक रात्र मुक्काम करा. पहिला दिवस कोस्टरचा, दुसरा पालीचा. त्याच दिवशी घरी परतणं भागच असेल, तर पहिल्या दिवसापुरतं वाचलंत तरी चालेल.

आधी थोडी ओळख

इमॅजिका रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात, सांगडेवाडीजवळ आहे. मनमोहन शेट्टी यांच्या ॲडलॅब्सने ते एप्रिल २०१३ मध्ये सुरू केलं. २०१४ मध्ये शेजारी वॉटर पार्क आलं, २०१६ मध्ये स्नो पार्क. २०२२ पासून कारभार मालपाणी समूहाकडे आहे. तिन्ही पार्कांची तिकिटं वेगवेगळी असतात, जोडतिकिटंही मिळतात. पण एका दिवसात थीम पार्क आणि वॉटर पार्क दोन्ही करायच्या फंदात पडू नका. कपडे बदलण्यात, लॉकरच्या रांगेत आणि केस वाळवण्यात दोन तास जातात आणि शेवटी दोन्ही अर्धवट राहतात.

थीम पार्कचं तिकीट एकदा काढलं की आतल्या राइड्सना वेगळे पैसे पडत नाहीत. खाणं, लॉकर आणि फोटो यांचे मात्र पडतात. दर दिवसागणिक बदलतात, शनिवार-रविवारी आणि सुट्टीत चढे असतात, म्हणून तारीख पक्की झाली की ऑनलाइन काढून टाका. मुलांचं तिकीट वयावर नसून उंचीवर असतं. तेव्हा ‘अजून बारा पूर्ण नाहीत हो’ हा एसटीतला युक्तिवाद इथे कामाचा नाही.

दिवस निवडताना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम. पण डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात, त्याही आठवड्याच्या मधल्या वारी, त्यामुळे ‘बुधवारी गर्दी नसेल’ हा अंदाज या दोन महिन्यांत हमखास फसतो. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा, दिवाळीची सुट्टी संपल्यावरचा, मला सर्वांत सोयीचा वाटतो. एप्रिल-मे टाळा. कोकणाच्या उंबरठ्यावरचा हा भाग, घाम आटत नाही आणि सावली कमी.

पावसाळ्याचं गणित वेगळं आहे. चोहीकडे हिरवे डोंगर, ढग पार खाली उतरलेले, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी रांगा अगदी छोट्या. मात्र जोराचा पाऊस किंवा विजा सुरू झाल्या की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात. मुख्य हेतू नायट्रो असेल तर जुलैत जाणं हा जुगार आहे. छत्रीऐवजी रेनकोट न्या.

जमल्यास शुक्रवारी पार्क, शनिवारी पाली आणि रविवारी घरी आराम असा बेत करा. पालीच्या दिवशी संकष्टी किंवा अंगारकी येत नाही ना, हे कालनिर्णय उघडून बघा. माघी आणि भाद्रपद चतुर्थीला तर त्या रस्त्याला न गेलेलंच बरं.

पोचायचं कसं

मुंबईहून साधारण ७५ किलोमीटर, पुण्याहून त्याहून थोडं जास्त. स्वतःची गाडी असेल तर द्रुतगती मार्गावरून खोपोलीसाठी बाहेर पडायचं आणि पाली फाट्याकडे वळायचं. पुढे पाट्या भरपूर आहेत. दुचाकीला द्रुतगती मार्गावर मनाई आहे. बाइकवाल्यांनी जुन्या मुंबई–पुणे रस्त्याने यावं.

लोकलनेही येता येतं आणि गर्दीच्या उलट दिशेने असेल तर हा प्रवास मजेचा आहे. मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गाला कर्जतनंतर एक छोटा फाटा फुटतो: पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि शेवटी खोपोली. या फाट्यावर गाड्या मोजक्याच आहेत. एक चुकली तर कर्जतला वडापाव खात बराच वेळ काढावा लागतो, म्हणून जाण्याची आणि येण्याची दोन्ही वेळापत्रकं फोनमध्ये घेऊन निघा. पुण्याकडच्यांनी कर्जतला थांबणारी गाडी बघून तिथे बदलायचं. खोपोली स्टेशनवरून उद्यान दहा-एक किलोमीटर आहे. रिक्षा मिळते, आणि खोपोली–पाली एसटी त्याच रस्त्याने जाते. रिक्षावाल्याशी परतीचं आधीच बोलून ठेवा, कारण संध्याकाळी सगळे एकदमच बाहेर पडतात. मुंबई-पुण्याहून उद्यानाच्या बसचं पॅकेजही असतं. चौघांपेक्षा कमी माणसं असतील तर त्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे.

घरून निघण्यापूर्वी

पोरांची उंची घरीच मोजा, बूट काढून, भिंतीला पाठ लावून. मोठ्या राइड्सना किमान उंचीची अट असते आणि नायट्रोची अट सर्वांत कडक अटींपैकी आहे. रांगेच्या तोंडाशी मोजपट्टी असते, तिथला कर्मचारी एका बोटाचीही सूट देत नाही आणि त्याने देऊही नये. सीटवरचा हार्नेस ठरावीक बांध्याच्या माणसाला धरून ठेवायला बनवलेला असतो. उंची कमी पडली तर तो खांद्यावर बसत नाही. हे मुलाला आदल्या रात्रीच सांगितलंत तर गेटवरचं भोकाड टळतं. त्याच कारणाने फार स्थूल माणसालाही अडचण येऊ शकते. बाहेर नमुन्याची सीट ठेवलेली असेल तर रांगेत शिरण्याआधी बसून बघावं.

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, मान-पाठीचं दुखणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण, यांपैकी काहीही असेल तर नायट्रो नाही. ‘काही होत नाही गं, चल’ म्हणणाऱ्या नणदेचं ऐकू नये.

पायात पट्टा असलेले सँडल किंवा बूट हवेत. चपला घालून गेलात तर नायट्रोवर त्या काढून अनवाणी बसावं लागेल, कारण तिथे पाय हवेत असतात. चष्म्याला मागून बांधायची दोरी मिळते, ती घ्या. ओढणी, पदर, लांब मंगळसूत्र घरी किंवा लॉकरमध्ये. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत, तेव्हा चिवड्याचा डबा गाडीतच राहील असं आजींना आधीच समजावा. तान्ह्या बाळाच्या खाण्याचं आणि औषधांचं गेटवर विचारून घ्यावं.

नाश्ता उद्यानात पोचण्याच्या तासभर आधी करा. इडली, पोहे, उपमा चालेल. मिसळ नको. उपाशीपोटीही बसू नका. रिकाम्या पोटी मळमळ उलट लवकर होते.

गेट उघडल्यावर

दार उघडण्याच्या अर्धा तास आधी हजर राहा. आत शिरल्यावर माणसं पहिल्या दिसेल त्या राइडपाशी किंवा फोटोसाठी थबकतात. तुम्ही नकाशा बघून थेट नायट्रोकडे चालू लागा. पहिल्या तासात तिथे जी रांग असते ती दुपारी तिपटीने वाढलेली असते. नायट्रो झाला की डीप स्पेस. हा बंदिस्त घुमटातला, अंधारातला कोस्टर आहे. इथे साखळीने वर नेणं नाही, गाडी एकदम झपकन सोडतात. तिसरा क्रमांक स्क्रीम मशीनचा. हा अजस्र लंबक आहे आणि अनेकांना नायट्रोपेक्षा हाच जास्त लागतो, म्हणून तो आधी नको. डेअर टू ड्रॉपवरचं उंचावरून सरळ खाली पडणं ज्यांना हवं त्यांनी तेही याच वेळेत उरकावं. या चार गोष्टी साडेबारापर्यंत झाल्या की दिवस जिंकला. गर्दीचा दिवस असेल आणि खिसा साथ देत असेल तर रांग टाळणारं एक्स्प्रेस तिकीट घ्या. मोकळ्या दिवशी तो निव्वळ अपव्यय.

छोटी मुलं सोबत असतील तर घरातल्या मोठ्यांनी दोन तुकड्या करा. एक नायट्रोवर, दुसरी मुलांच्या राइड्सवर, मग अदलाबदल. सगळ्यांनी सगळीकडे एकत्र फिरायचं म्हटलं की कोणाचंच काही होत नाही.

नायट्रो, जवळून

नायट्रो बनवला आहे बोलिजर अँड माबिलार या स्विस कंपनीने. उंची ४० मीटर, वेग ताशी १०५ किलोमीटरपर्यंत, आणि वाटेत पाच वेळा माणूस उलटा होतो. सुरू झाला तेव्हा देशातला सर्वांत मोठा कोस्टर म्हणून गाजला. पण त्याची खरी गंमत पायाखाली जमीन नसण्यात आहे. याच कंपनीने या जातीचा पहिला कोस्टर १९९९ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीत उभारला होता.

प्रकार असा: एका ओळीत चौघं. गाडी फलाटात उभी असते तेव्हा पायाखाली जमीन असते. तुम्ही बसता, खांद्यावरून हार्नेस खाली ओढता, कर्मचारी प्रत्येकाचा हार्नेस हाताने हलवून बघतो. मग ती पायाखालची जमीन सरकून जाते, पहिल्या ओळीपुढचं फाटक उघडतं आणि पाय लोंबकळायला लागतात. पोटात खड्डा पडतो तो इथेच, गाडी हलायच्याही आधी.

मग चढ. वर जाताना जो कट-कट आवाज येतो त्याला घाबरून डोळे मिटणारे पुष्कळ. तो आवाज गाडीखालच्या खिट्टीचा असतो. चढावर बसवलेल्या दात्यांवरून ती खिट्टी सरकत जाते, म्हणजे साखळीने दगा दिलाच तर गाडी मागे घसरू नये. तो आवाज येतोय तोवर सगळं ठीक चाललंय असं समजा. शिखरावर साखळी सुटते आणि तिथून शेवटपर्यंत गाडीला इंजिन नसतं. वर चढवलेली उंचीच वेग बनते. ४० मीटरवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग कागदावर काढलात तर तो ताशी शंभरच्या आसपासच येतो. घर्षणात थोडा थोडा वेग जात राहतो, म्हणूनच कोस्टरचा पुढचा प्रत्येक चढ पहिल्यापेक्षा बुटका ठेवावा लागतो.

गाडी रुळावरून पडत का नाही, हे पोरं विचारतातच. चाकं तीन बाजूंनी असतात: रुळावर, रुळाच्या कडेला आणि रुळाच्या खाली. रूळ चाकांच्या मुठीतच असतो. ब्रेक मात्र गाडीत नसून मार्गावर बसवलेले असतात. मार्गाचे टप्पे पाडलेले असतात आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडतात. त्यामुळे चढावर किंवा ब्रेकवर गाडी मधेच थांबली तर घाबरू नका. पुढचा टप्पा मोकळा झाल्याची खूण यंत्रणेला मिळेपर्यंत ती थांबवते.

जागा कुठली घ्यावी? पहिली ओळ देखाव्याची: समोर काहीच नाही, फक्त आभाळ आणि वळणारा रूळ. तिच्यासाठी वेगळी रांग लागलेली असते, सकाळी लवकर असाल तर थांबा, दुपारी नको. शेवटची ओळ ओढीची: पुढचे डबे आधीच खाली गेलेले असतात, त्यामुळे मागचा डबा शिखरावरून अक्षरशः हिसकला जातो आणि तुम्ही सीटवरून उचलले जाता. पहिल्यांदा बसणाऱ्याने मधली ओळ घ्यावी. तिथे हिसका सर्वांत कमी.

बसल्यावर चार पथ्यं पाळा. डोकं मागे टेकवून ठेवा, नाहीतर हार्नेसवर कान आपटतात. डोळे उघडे ठेवा आणि रूळ जिथे जातोय तिकडे बघा. मळमळ बहुधा डोळे मिटणाऱ्यांनाच जास्त होते, कारण कानातल्या तोलाला एक कळतं आणि डोळ्यांना काहीच नाही. उलटं होऊन गाडी तळाशी येते तेव्हा अंग जड होतं. त्या वेळी मांड्या आणि पोट आवळा, श्वास रोखू नका. आणि ओरडा! ओरडताना श्वास आपोआप बाहेर पडतो. उतरल्यावर लगेच पाणी ढोसू नका, पाच मिनिटं सावलीत बसा.

फोन खिशात घेऊन बसायचा विचारसुद्धा नको. पाच वेळा उलटं होऊनही खिशात टिकलेला फोन मी पाहिलेला नाही. रुळाखाली पडलेला फोन राइड चालू असताना कुणी आणून देत नाही.

दुपार आणि संध्याकाळ

एक वाजता सगळे जेवायला जातात. तुम्ही बारा किंवा दोनला जा. जेवणानंतर वातानुकूलित गोष्टी: ‘आय फॉर इंडिया’मध्ये खुर्च्या हवेत उचलल्या जातात आणि समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर देश तुमच्या पायाखालून जातो. आजी-आजोबांना मी हीच एक राइड सुचवेन, फक्त उंचीची भीती नसेल तर. अलीबाबाच्या गुहेत बंदुकीने नेम धरत फिरायचं असतं आणि तिथे नातवंडं आजोबांना सपाटून हरवतात.

तीनच्या सुमारास राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर. होडीतून डायनासोरांच्या राज्यात जाऊन भिजून यायचं, उन्हात कपडे वाळतात. राजासॉरस हा कल्पनेतला प्राणी नाही बरं का. नर्मदेच्या खोऱ्यात त्याची हाडं सापडली आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं बारसं केलं. पोरांना हे रांगेत सांगा, वेळ बरा जातो.

संध्याकाळी परेड असेल तर वेळ सकाळीच विचारून ठेवा. आणि परेडला सगळे गोळा होतात तेव्हा नायट्रोची रांग ओसरलेली असते. दुसरी फेरी मारायची असेल तर तीच वेळ.

मुक्काम

उद्यानाच्या दारातच नोव्होटेल आहे, महाग पण पावलांवर. खोपोलीत साधी लॉज आहेत. माझी पसंती थेट पालीला. तासाभरात पोचता, भक्तनिवास आणि घरगुती खोल्या परवडणाऱ्या दरात मिळतात, आणि सकाळी देऊळ चालत गाठता येतं. रात्री उतरणार असाल तर खोली फोनवर आधी पक्की करा, गाव लवकर झोपतं.

दुसरा दिवस: पालीपासून उलटं

सकाळी सातच्या आत दर्शन घ्या. दहानंतर मुंबईच्या गाड्या यायला लागतात. बल्लाळेश्वर हा अष्टविनायकांतला एकमेव असा गणपती ज्याला भक्ताचं नाव आहे. रीत अशी की आधी मागच्या बाजूच्या धुंडीविनायकाचं दर्शन, मग बल्लाळेश्वराचं. देवळातली मोठी घंटा नीट बघा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांकडून आलेल्या घंटांपैकी ती एक. देवळामागे जो उभा कडा दिसतो तो सरसगड. पायात दम असेल तर पहाटे चढायला लागा. खडकात कोरलेल्या पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच आहेत. आदल्या दिवशी बारा तास उद्यानात चाललेल्यांनी खालूनच नमस्कार करावा. सुधागडाला स्वतंत्र दिवस लागतो, तो या बेतात कोंबू नका.

देवळाबाहेरच्या दुकानांतून पोह्याचे पापड, मिरगुंडं आणि कोकम घ्या. इथली खरेदी लोणावळ्याच्या चिक्कीपेक्षा कधीही सरस. मग तीन-एक किलोमीटरवर उन्हेरेची गरम पाण्याची कुंडं आहेत. आदल्या दिवशीच्या पोटऱ्यांना तिथे फार बरं वाटतं, पण पाणी चांगलंच कढत असतं. मुलांना थेट उतरवू नका, आधी पाय बुडवून बघा.

परतीला खोपोलीकडे येताना शेमडी गावापाशी उजवीकडे चावणीचा रस्ता फुटतो. अंबा नदीच्या पात्रालगत उंबरखिंडीचं स्मारक आहे. २ फेब्रुवारी १६६१. शायिस्ताखानाने पुण्याहून पाठवलेला मोगल सरदार कारतलबखान लोणावळ्याकडून घाट उतरून कोकणात घुसत होता. फौज मोठी, रस्ता एका वेळी मोजकीच माणसं जातील असा. शिवाजी महाराजांनी पुढची आणि मागची दोन्ही तोंडं बंद केली आणि झाडीतून मारा सुरू झाला. पाण्यावाचून अडकलेल्या खानाला सोबतच्या रायबागन या स्त्री सरदाराने शरण जायला सांगितलं. सामानसुमान टाकून जायच्या अटीवर त्याला वाट मिळाली. स्मारकापाशी उभं राहून पूर्वेकडचे डोंगर बघा, लढाई वेगळी समजावून सांगावी लागत नाही. बरेच लोक हे ठिकाण न बघताच पुढे जातात, कारण रस्त्यावरून काहीच दिसत नाही. पावसाळ्यात नदीच्या पात्रात उतरू नका. याच अंबेच्या पुराने जुलै १९८९ मध्ये खालच्या जांभूळपाड्यात हाहाकार उडवला होता.

मग महड. नकाशात टाकताना जपून: रायगडाजवळचं महाड वेगळं आणि पुष्कळ दूर, हे वरदविनायकाचं महड खालापूर तालुक्यातलं, जुन्या रस्त्यालगतचं. देवळातला नंदादीप १८९२ पासून अखंड तेवतो असं सांगतात. जागा छोटी, अर्धा तास पुरतो.

खोपोलीत पोचल्यावर भूक लागलेलीच असते. रमाकांतचा बटाटेवडा या रस्त्यावरून जाणाऱ्या दोन-तीन पिढ्यांनी खाल्लाय, मीही शिफारस करेन. वडा खाताना घाटाकडे मान वर करा. डोंगरावरून उतरणाऱ्या पाइपांतून लोणावळ्याच्या बाजूच्या वळवण, शिरवटा या तलावांचं पाणी पाचशे मीटरहून अधिक खाली येतं आणि १९१५ पासून टाटांच्या वीजकेंद्रात मुंबईसाठी वीज तयार करतं. उंचीतून वेग काढायचा तोच नायट्रोचा हिशेब, फक्त शंभरएक वर्षं आधीचा. वेळ असेल तर नाना फडणवीसांनी बांधलेलं वीरेश्वराचं देऊळ आणि तळं, किंवा पाताळगंगेकाठचा गगनगिरी महाराजांचा आश्रम, दोन्ही गावातच आहेत. झेनिथ धबधब्याचे फोटो बघून पावसात तिकडे पोरांना घेऊन जाऊ नका. पाणी अचानक वाढतं, आणि पोलिसांची बंदीही असते.

पुण्याला जाणाऱ्यांनी जुन्या घाटाने जावं, वाटेत शिंग्रोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते ठाणं, अजूनही ट्रकवाले तिथे नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत. शनिवार असेल तर दुपारी तीनच्या आत खोपोली सोडा. रविवारी परतायची वेळ आलीच तर सकाळीच निघा, नाहीतर खंडाळ्याच्या वळणांवर संध्याकाळ क्लच दाबण्यात जाते. लोकलवाल्यांनी खोपोलीहून निघणारी गाडी थोडी आधी गाठली तर पूर्ण रिकाम्या डब्यात खिडकीची जागा मिळते. पापडांची पिशवी वरच्या फळीवर ठेवा, कर्जतला गर्दी आत आली की खाली तिचा चुरा होतो.